बाटलीतली तूर

त्या साली खेमसिंगच्या चार एकरांतली तूर उभीच्या उभी मेली. सकाळी पाहावं तर हिरवीगार, दुपारी मान टाकलेली, आणि आठवड्यात नुसती वाळकी तुऱ्हाटी. झाड उपटून खोड मधोमध फाडलं, की आत काळी रेघ दिसायची. या रोगाला तांड्यात मर म्हणत. मर जमिनीतच असते, एकदा आली की जात नाही, आणि तिच्यावर औषध नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दरसाल तूर पेरायची, कारण ज्वारीच्या भाकरीसोबत दुसरं खायचं काय?

पांढरकवड्याहून हैद्राबाद रोडनं चार मैल गेलं, की डाव्या हाताला पळसाच्या झुडपांतून गाडीवाट फुटते. नाला ओलांडला की बंजाऱ्यांचा तांडा. खेमसिंगचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा. खेमसिंगनं बैल नांगराला जुंपले. पण जमीन कसणं त्याच्या अंगात काही मुरलं नव्हतं. पीक मेलं की तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून बिडी ओढायचा आणि आभाळाकडं पाहायचा, जसं काही वरून कोणी उत्तर देणार आहे. शेतीचा सगळा जीव त्याच्या बायकोत, रुपीबाईत होता. हातापायानं काटक, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बलोया, आणि बोलणं तिखट. तांड्यात म्हणायचे, रुपीबाईनं काठी रोवली तरी पानं फुटतील. तिला ते ऐकायला आवडायचं. आवडायचं म्हणजे फारच आवडायचं, आणि पुढं जे झालं त्यात या आवडीचाही वाटा होता. ते नाकारून चालायचं नाही.

आता गंमत पाहा. सगळी तूर मेली, पण धुऱ्याच्या कोपऱ्यावर एक झाड मेलं नाही. तीन वर्षांपूर्वी रुपीबाई हिरव्या शेंगा खात तिथं बसली होती, तेव्हा ओटीतून एखादा दाणा सांडला असेल. ते झाड वाढलं, दोन पुरुष उंच झालं, खोड मनगटाएवढं. भोवती तीनदा मर आली आणि गेली, या झाडाचं पानही पिवळं पडलं नाही. रुपीबाईनं त्याच्याभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बकऱ्या आल्या की ती वावराच्या दुसऱ्या टोकावरून शिव्या देत धावायची.

खेमसिंग गाडीचा आस जोडून आणायला पांढरकवड्याला वाहिद मिस्तरीच्या गॅरेजात गेला, तेव्हा बोलता बोलता या झाडाचं बोलला. मिस्तरीचा मुलगा मोहिउद्दीन तिथं बसला होता. पोरगा नागपूरला शेतकी शिकलेला, तिथंच एका हापिसात नोकरीला, चष्मा लावणारा. त्यानं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो सायकल दामटत तांड्यावर हजर. झाडाची एक फांदी कापली, चाकूनं फाडली. आत पांढरीशुभ्र.

"याचं बी पेरलं का, याडी?" त्यानं विचारलं. याडी म्हणजे आई. तांड्याचा हा शब्द तो पोरवयातच शिकला होता, बापाच्या गॅरेजात येणाऱ्या गाडीवाल्यांकडून. रुपीबाई तिथंच विरघळली.

"पेरलं ना. दोन साल पेरलं. अर्धं मरते, अर्धं जगते. जे जगते थेबी याच्यावानी नाई होत."

"होनारच नाई. तुरीच्या फुलावर माशा येतात, भुंगे येतात. आजूबाजूच्या मरतुकड्या तुरीचं रज पायाले लावून आनतात. बी म्हनजे अर्धं या झाडाचं, अर्धं कोन्या भलत्याचं."

"मंग मानसाच्या लेकरायवानीच झालं थे," रुपीबाई म्हणाली, आणि खेमसिंगकडं पाहून हसली. खेमसिंगनं बिडी पेटवली.

मोहिउद्दीन मात्र हसला नाही. त्याच्या डोक्यात भलतंच चालू होतं. बी नको, म्हणाला. या झाडाचा शेंडा घ्यायचा, अगदी टोकाचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो बाटलीत घट्ट खळीवर ठेवायचा. तिथं तो वाढतो, त्याला फुटवे येतात, मुळं येतात. मग एका झाडाची शंभर झाडं, हजार झाडं. आणि सगळी हेच झाड, दुसऱ्या कोणाचा अंश नाही. दुसऱ्या मुलखात लोक असं करू राहिले होते. आपल्याकडं तुरीचं कोणी केलं नव्हतं. हापिसातल्या मोठ्या साहेबाला विचारलं तर तो म्हणाला, आधी दिलेलं काम कर.

"बाटलीत तूर?" खेमसिंग म्हणाला. "आन् खाची का बाटली फोडून?"

"तुमी चूप राहा जी," रुपीबाई म्हणाली. "घेऊन जाय भाऊ. पायजे तेवढे शेंडे घेऊन जाय."

गॅरेजच्या मागच्या खोलीत त्याचं काम सुरू झालं. दर शनिवारी तो नागपूरहून ट्रकनं यायचा. वाहिद मिस्तरीनं ट्रकच्या काचा जोडून त्याला एक पेटी करून दिली, हात घालायला दोन भोकं ठेवली. ट्रकच्या हवेच्या टाकीला झाकण बसवून वाफेचं भांडं केलं. त्यात बाटल्या उकळून घ्यायच्या, म्हणजे किडा-बुरशी मरते. शेंडे रसकापराच्या जहरी पाण्यात धुवायचे. खळ करायची चायना ग्रासची. त्यात साखर, नारळाचं पाणी आणि कसकसल्या पुड्या. चायना ग्रास मोहिउद्दीनची आई बिस्मिल्लाबी रमजानात मिठाईसाठी आणून ठेवायची, ती सगळी संपली. "या पोरानं झाडाले शिरनी खाऊ घातली, आन् आमी तोंड पाहून राह्यलो," असं ती सगळ्यांना सांगायची, पण पुन्हा मागवूनही द्यायची. बाटल्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे. कापूस रुपीबाईनं दिला, स्वतः बसून सरकी काढलेला. हवा आत जावी, पण बुरशी जाऊ नये, म्हणून बोळा.

पहिल्या साठ बाटल्यांत नुसती बुरशी आली, करडी, काळी, लोकरीसारखी. दुसऱ्या खेपेला अठ्ठावीस टिकल्या. त्यांत शेंडे हिरवे राहिले, इवली पानं उघडली. तोवर चैत लागला आणि गॅरेजचं टिनाचं छप्पर तापायला लागलं. एका शनिवारी मोहिउद्दीन आला तर चार बाटल्यांतले कोंब शिजून गेलेले.

"तुमची भिताडं मातीची आहेत," तो रुपीबाईला म्हणाला. "वरून गवत. तुमच्या घरात गारवा आहे. ठेवता का, याडी? मले दुसरी जागा नाई."

बैलगाडीत कडबा घालून, त्यावर बाटल्या रचून, खेमसिंगनं त्या पावली पावली चालवत आणल्या. उत्तरेच्या लहान खिडकीजवळ मोहिउद्दीननं फळी ठोकली. हात लावायचा नाही, बोळा काढायचा नाही, धूर लागू द्यायचा नाही, एवढं सांगून तो गेला.

धूर लागू द्यायचा नाही म्हणून रुपीबाईनं चूल अंगणात काढली. वैशाखात, यवतमाळकडच्या उन्हात, डोक्यावर ओला पदर घेऊन ती भाकरी थापायची. पायाखालची माती पोळायची, तव्याची झळ आणि उन्हाची झळ एकत्र तोंडावर यायची. कपाळाचं कातडं सोलून निघालं. तांड्यातल्या बाया म्हणायच्या, अवं रुपी, घर असून वनवाशावानी काहून रांधून राह्यली? ती म्हणायची, घरात लेकरं निजली आहेत. खिडकीवर ओलं पोतं, जमिनीवर दोनदा सडा. त्यासाठी अर्ध्या कोसावरच्या विहिरीतून तीन खेपा जास्त. मान आखडली, खांद्याला गाठ आली. खेमसिंग कुरकुरला, पण रात्रीच्या दोन घागरी तो मुकाट्यानं आणायला लागला. हे त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून सांगितलं.

त्याच साली माघात गंगीचं लग्न झालं होतं, रुपीबाईची एकुलती एक पोर. घर रिकामं झालं होतं. सकाळी उठून रुपीबाई आधी फळीपाशी जायची. बाटल्यांना पाहायची. कोणती वाढली, कोणती काळवंडली. काळवंडलेली उचलून बाहेर ठेवायची, मोहिउद्दीननं तेवढं सांगितलं होतं. अठ्ठावीसच्या चोवीस झाल्या होत्याच, चोवीसच्या दहा झाल्या, दहाच्या चार. पण त्या चार झकास होत्या, बोटभर उंच, तीन-तीन पानांच्या.

जेठाच्या अखेरीस मोहिउद्दीन आला, त्यानं एक बाटली उजेडाकडं धरली, आणि तो मोठ्यानं ओरडलाच.

"याडी! मुळी फुटली! हे पाहा, पांढरी!"

खळीत केसासारखा पांढरा तंतू उतरला होता. चारही बाटल्यांत. चष्मेवाला, शिकलेला माणूस अंगणात लहान पोरासारखा नाचला. खेमसिंगनं त्याला मिठी मारली. रुपीबाईचे डोळे भरून आले आणि ती पदर तोंडाशी धरून हसत राहिली. इतका आनंद त्या घरात गंगीच्या लग्नातही झाला नव्हता.

"आन् मंग माह्याजवळ त्या झाडाचं बी आहे, गाडगंभर," तिनं विचारलं, "त्याचं काय करू?"

"आता बियाचं काय काम, याडी? रोपच येऊन राह्यलं ना."

तो बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसला. रुपीबाईनं माळ्यावरचं गाडगं उतरवलं. राखेत कालवून, शेणानं तोंड लिंपून ठेवलेलं बी. असा पाहुणा, असा दिवस, त्याला साधी डाळ कशी वाढायची? तिनं ते बी पाखडलं, जात्यावर भरडलं, फोल काढलं. वरण केलं, वरून लसणाची फोडणी, लाल मिरची. एक दाणा मागं ठेवला नाही. मागं ठेवून वाढणं तिच्या हाताला माहीत नव्हतं. खेमसिंगनं पाहिलं आणि भुवई उडवली. तिनं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. जेवणाऱ्याला जिन्नस कुठला ते सांगू नये, म्हणजे त्याच्यावर भार होत नाही, हे तिच्या आईनं शिकवलेलं.

"वरन लय भारी झालं, याडी," मोहिउद्दीन म्हणाला आणि चौथी भाकर घेतली. खाली वाकून ताटलीतलं वरण त्यानं बोटानं पुसून खाल्लं. ती पाहत राहिली. पोट भरून पाहत राहिली.

तो नागपूरला जाताना सांगून गेला, "नागपंचमीच्या आत येतो. मी आलो की हळूहळू भायेर काढू. तवरोक बोट लावू नका." उशीर झाला तर काय करायचं, तेवढं सांगायचं राहिलं.

मिरगाच्या पेरण्या आल्या. बैलांच्या कोंडवाड्याला काट्या हव्या होत्या. खेमसिंगनं धुऱ्यावरच्या झाडाचं कुंपण काढलं आणि कोंडवाड्याला लावलं. रुपीबाई म्हणाली, "काहून काढलं जी?" तो म्हणाला, "आता थ्या झाडाले काय राखाचं? घरात चार बसली आहेत ना." तिला ते पटलं. पुढं तिला वाईट वाटायचं ते याचंच, की पटलं. आठ दिवसांत तांड्याचा नायक लालसिंग, त्याच्या बैलजोडीतला एक खोंड सुटला आणि त्यानं झाड ओरबाडून खाल्लं, खोड मोडून टाकलं. त्यावर सलग पाच दिवस पाऊस. बुंधा कुजून गेला. रुपीबाई नायकाच्या दारात जाऊन भांडली. लालसिंग हात जोडून म्हणाला, "रुपीबाई, एका तुरीच्या झाडापायी एवढं?" ती घरी आली, फळीवरच्या चार बाटल्या पाहिल्या, आणि तिचा राग उतरला. चार आहेत ना, म्हणाली. जेवली आणि झोपली.

नागपंचमी गेली. मोहिउद्दीन आला नाही.

नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता. तीन दिवसांनी पाणी कमरेला आलं, तेव्हा खेमसिंग धोतर डोक्याला गुंडाळून पलीकडं गेला. संध्याकाळी परत आला तो तोंड पाडून.

"मुदतीचा ताप आहे म्हनते त्याले. नागपूरच्या दवाखान्यात पडून आहे. मिस्तरी रडून राह्यला होता."

"बाटल्यायचं विचारलं?"

"विचारलं. मिस्तरी म्हनला, भाई, मैं इंजन समझता हूं, पत्ता मेरे समझ में नहीं आता. हाथ मत लगाओ, बस."

हात लावू नका. पण बाटलीतली खळ आटत चालली होती. आधी बोटभर जाड होती, आता कडेनं सुटून पापडासारखी झाली. एका रोपाचं खालचं पान पिवळं झालं आणि गळून काचेला चिकटलं. दोन दिवसांनी दुसऱ्याचं. रुपीबाईचा जीव टांगणीला लागला. बापाविना लेकरं उपाशी मरून राहिली आहेत असं तिला वाटायचं, आणि ती स्वयंपाक सोडून फळीपुढं उकिडवी बसायची.

त्यातच राखी आली आणि तांड्यात तीज बसली.

राखीपासून गोकुळाष्टमीपर्यंत तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, त्याला तीज म्हणतात. वारुळाची माती आणायची, बकरीच्या लेंड्यांचं खत चाळून घालायचं, पळसाच्या पानांच्या टोपल्या नायकाच्या अंगणातल्या माचीवर ठेवायच्या. पोरी दिवसातून चारदा गाणी म्हणत पाणी घालतात, आणि गहू बोटाबोटानं वर येतो. बिनलग्नाच्या पोरीच्या हातचं पाणी मिळालं की मेलेला दाणा उठतो, असं तांडा मानतो. रुपीबाई लग्नाआधी सात वर्षं तीज पेरत होती. तिची तीज सगळ्यांत दाट यायची. पुढं गंगीची यायची. या साली तिच्या घरातून टोपली जाणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वारुळाची माती आणली. चाळली, लेंड्या कुटून मिसळल्या, चुरगाळून पाहिली. माती अशी भुसभुशीत, की स्वतःच उगवेल. मग तिनं चारही बाटल्या उतरवल्या. एकेक बोळा ओढून काढला.

"रुपी, त्यानं नाई म्हनलं होतं," खेमसिंग दारातून म्हणाला.

"त्यानं येतो बी म्हनलं होतं," ती म्हणाली. "मरताना पाहत बसू का?"

तिनं बोटांनी खळ सोडवली. कोमट पाण्यानं मुळ्या धुतल्या, न्हाणीतल्या बाळंतिणीच्या लेकराला धुवावं तशा. पळसाच्या एका टोपलीत चार खड्डे करून चार रोपं लावली, आणि टोपली डोक्यावर घेऊन नायकाच्या अंगणात गेली. पोरी चकित झाल्या. सोनीबाई, लालसिंगची बायको, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लगन झालेल्या बाईची टोपली तिजेत कशी चालन वं?"

"टोपली माही नोहे. पानी पोरीच घालतीन." रुपीबाईनं सोनीबाईचे पाय धरले. चाळिशी उलटलेल्या बाईनं भर अंगणात पाय धरले. सोनीबाई ओशाळली आणि माचीवर जागा करून दिली.

पहिल्या दिवशी रोपं ताठ होती. पोरींनी चारदा गाणी म्हटली, चारदा पाणी घातलं. रुपीबाई माचीखाली बसून होती, शेतात निंदायला गेली नाही. संध्याकाळी पानं खाली आली. तिला वाटलं पाणी कमी पडलं, तिनं पोरींना अजून घालायला लावलं. दुसऱ्या दिवशी पानं ओल्या चिंधीसारखी लोंबली. गव्हाची तीज शेजारच्या टोपल्यांतून पांढऱ्या सुयांसारखी वर येत होती. तिसऱ्या दिवशी रोपांची खोडं मातीच्या रेघेवर काळी पडली, केसासारखी बारीक झाली आणि आडवी झाली. एका पोरीनं हात लावला तर रोप मुळासकट हातात आलं.

"जळाली," पोरगी हळूच म्हणाली. तीज जळणं वाईट. पोरी एकमेकींकडं पाहायला लागल्या. सोनीबाईनं टोपली पदराखाली झाकून रुपीबाईच्या हातात दिली आणि म्हणाली, "जाय घरी. कोनाले दाखवू नको." तांड्याच्या वाटेवरून ती टोपली पोटाशी धरून आली. लोकांनी विचारलं काय आहे, तर म्हणाली, माती आहे.

मी मारली, ती खेमसिंगला म्हणाली. तिनं चारही बाटल्या राखेनं घासून फळीवर उपड्या मांडल्या. अष्टमीला पोरींनी तीज उपटली, भावांच्या पागोट्यांत खोचली, उरलेली नाल्यात सोडली. रुपीबाईनं लांबून, खालच्या अंगाला जाऊन, आपली टोपली सोडली.

पोळा झाल्यावर मोहिउद्दीन आला. सायकल नव्हती, खटाऱ्यातून उतरून काठी टेकत चालत आला. डोक्याचे केस गेलेले, सदरा अंगावर टांगल्यासारखा. रुपीबाईनं पाण्याचा तांब्या भरून आणला, पण तो आधी फळीपाशी गेला. उपड्या बाटल्या पाहिल्या.

रुपीबाईनं सगळं सांगितलं. पान गळाल्यापासून टोपली सोडेपर्यंत, काही लपवलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"याडी, त्या रोपायनं कधी वारा पाह्यला नव्हता," तो म्हणाला. आवाज तापानं घोगरा झाला होता. "सातव्या महिन्याचं लेकरूच थे. काचेखाली ठिवून, रोज जराजरा उघडून दाखवाचं होतं. पानी तं लयच कमी. मीच सांगून जाले पायजे होतं."

"मले वाटलं, मरून राह्यले."

"मरतच होते म्हना." त्यानं चष्मा काढून पुसला. "जाऊ द्या. झाड आहे ना? थंडीत पुन्हा शेंडे घेऊ."

खेमसिंगनं मान खाली घातली. "नायकाचा खोंड शिरला. कुंपन म्याच काढलं होतं."

बाहेर गाईच्या गळ्यातलं लाकडी लोढणं खडखडत गेलं. मग मोहिउद्दीनच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. तो उजेड रुपीबाईला पुढं कधी विसरता आला नाही.

"बी आहे!" तो म्हणाला. "तुमी म्हनल्या होत्या, गाडगंभर बी आहे. दवाखान्यात पडल्या पडल्या मी तेच इचार करत होतो. बाटलीच्या नादी लागून मी बी सोडलं. अर्धं मरते तं मरू द्या. जे जगते त्याचंच बी घ्याचं, पुन्हा पेराचं, पुन्हा जगलेल्याचंच घ्याचं. धा साल लागतीन, पन जात निघन. नक्की निघन. आना थे गाडगं, याडी."

खेमसिंगनं तोंड उघडलं. रुपीबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं ते मिटून घेतलं.

"उंदरायनं खाल्लं," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. म्या तोंड नीट लिंपलं नव्हतं."

तो उठून उभा राहिला. तापानं चिडका झालेला माणूस, त्यानं काठी जमिनीवर आपटली. "एक गाडगं सांभाळता नाई आलं? एवढं एक? मी तुमच्या भरवशावर..." तो अडखळला, पण थांबला नाही. "तुमच्यासारख्यायच्या घरात आनून ठेवलं, चूक माहीच झाली. तुमाले काय समजनार त्याचं मोल?"

त्या घरात असं आजवर कोणी बोललं नव्हतं. ज्या बाईनं चार महिने उन्हापावसात रांधलं, तिच्या तोंडावर ते बोलणं आलं. कपाळावरचं सोललेलं कातडं अजून नीट भरलं नव्हतं. ती खाली मान घालून उभी राहिली, बलोया एकमेकींवर घासत. "चुकलं भाऊ," म्हणाली. "लय चुकलं माह्यं."

तो चहासुद्धा न घेता गेला. पळसाच्या झुडपांपर्यंत त्याची काठी दिसत होती. नाल्याशी तो एकदा थांबला, मागं वळेल असं वाटलं, पण पाण्याचा अंदाज घेऊन तो पलीकडं गेला. पुढं त्याची बदली कुठं लांब झाली म्हणे. वाहिद मिस्तरीनं ती काचेची पेटी मोडून काचा परत एका ट्रकला बसवल्या.

खेमसिंग मात्र त्या दिवशी दारातच उभा होता. मोहिउद्दीन गेल्याची खात्री झाल्यावर बायकोवर उसळला.

"काहून खोटं बोल्ली? काहून ऐकून घेतलं त्याचं? कोनते उंदीर? सांगाचं नाई का तोंडावर?"

रुपीबाई अंगणातल्या चुलीपाशी गेली होती. चुलीचं एक अंग पावसानं ढासळलं होतं. तिनं ती दोन्ही हातांनी उचकटली आणि मातीची ढेकळं उचलून घरात न्यायला लागली, जुन्या जागी, खिडकीखाली. आता धुराची चिंता नव्हती.

"काय सांगू त्याले?" ती म्हणाली. "चार भाकरी खाल्ल्या त्यानं. ताटली बोटानं पुसली. तापातून उठलेलं पोरगं थे. तूच खाल्लं, असं म्हनू?"